विकलेली शांतता

दिवाळीच्या फराळाचा शेवटचा डबा रिकामा होतो न होतो तोच आमच्या पूर्वेकडच्या रस्त्यांना ट्रक लागतात. ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. पाथर्डीच्या अलीकडे मी टेम्पो बाजूला घेतो आणि त्यांना वाट देतो. हौद्यात अख्खा संसार रचलेला असतो. खाली पत्रे आणि बाजरीची पोती, त्यावर भांडी, पाय बांधलेल्या कोंबड्या, एखादी शेळी, वर गोधड्या आणि गोधड्यांवर माणसं. कोयते दिसत नाहीत, ते तळाशी असतात. ट्रक जातो, धूळ उडते, धूळ बसते. आणि धूळ बसल्यावर वाडीत जे उरतं त्याला आम्ही आजवर काही नाव दिलं नव्हतं. एका बाईनं दिलं. ती त्याला शांतता म्हणते. चांगल्या प्रतीची शांतता.

या हंगामाचा राग मला लहानपणापासून आहे. आईबापाबरोबर मीही त्या गोधड्यांवर बसून गेलो आहे. उसाच्या फडाकडेची कोपी, पाचटाचा वास, दवानं ओल्या पात्यांनी कापलेले हात, सगळं मला ठाऊक आहे. पण तो राग जुना, लोणच्यासारखा मुरलेला. दोन वर्षांपूर्वीच्या हंगामाचा राग अजून कच्चा आहे. चावला की दात आंबतात.

त्या हंगामात मी शांतता विकली. म्हैस विकतो तशी, भाव करून, शब्द देऊन.

मी घोडेगावच्या बाजारात गुरांचा दलाल आहे. आमच्यात भाव तोंडानं होत नाही. दोघं समोरासमोर उभे राहतात, हातांवर उपरणं टाकतात आणि उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावर आकडा. वर तोंडानं मात्र पावसाच्या गप्पा, कुणाच्या सोयरिकीची चौकशी. शेजारच्याला पत्ता लागत नाही. पटलं तर हात दाबायचा, नाही पटलं तर झटकायचा. आताची पोरं मोबाईलवर आकडा लिहून दाखवतात. मी अजून उपरणं ठेवतो. तोंडाला खोटं बोलायला काही लागत नाही, हाताला जड जातं. समोरच्याची नड किती आहे ते त्याच्या तळहाताच्या घामावरून कळतं. या एका हाताच्या जोरावर मी दोन टेम्पो घेतले, नागापूरला एमआयडीसीच्या मागे घर बांधलं. मला कुणी काही फुकट दिलं नाही, म्हणून मीही कुणाला काही सोडत नाही. माझं डोकं लवकर फिरतं असं लोक म्हणतात. फिरतं. फिरवणारे भेटतात.

माझी मोठी बहीण, आक्का, वाडीवरच राहिली. तिच्या नवऱ्यानं पिठाची गिरणी टाकली होती. तो गेल्यावर ती तिनं चालवली. गिरणीचे दगड दळून दळून गुळगुळीत होतात, मग वरचा दगड उतरवून छिन्नीनं ठोकून त्याला पुन्हा खरखरीत करावं लागतं. त्याला टाकी लावणं म्हणतात. हे काम गडीमाणसाचं समजतात. आक्का स्वतः लावायची. पाय पसरून बसायची, दगड मांडीशी घ्यायची आणि टक टक टक, सगळी वाडी ऐकायची. त्यामुळे तिच्या उजव्या तळहाताला घट्टा पडला होता. कधी मायेनं तिनं पाठीवरून हात फिरवला की तो घट्टा सदऱ्यातूनसुद्धा लागायचा.

त्या गिरणीमुळे आक्काला कोयता धरावा लागला नाही. सगळी वाडी ट्रकमध्ये चढायची आणि आक्का ओट्यावर उभी राहून, पिठानं पांढऱ्या झालेल्या हातानं, त्यांना वाटेला लावायची. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची, लेकुरवाळ्यांची भाकरी तिच्या हातात असायची. ही तिची वाडीतली जागा होती. गिरणी गेली तर ती कुणाची कोण.

दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास वाडीवर एक जीप आली. त्यातून तिशीतली एक बाई उतरली आणि कुणाशी काही न बोलता गिरणीच्या मागच्या काळ्या खडकावर जाऊन टाचेनं ठोकू लागली. मी त्या दिवशी आक्काकडे जेवायला गेलो होतो. खडक आमचा, आमच्या बापाच्या वाटणीतला. त्यावर गवत उगवत नाही, म्हणून कुणी मागायला आलं नव्हतं. आणि इथे ही बाई त्याला असं ठोकत होती जसं मी म्हशीच्या बरगडीला ठोकतो. मी लगेच सावध झालो. माल ठोकून बघणारा गिऱ्हाईक असतो.

मॅडमचं नाव मृणाल. शहरातल्या एका संस्थेत त्या भूकंपाच्या लाटांचा अभ्यास करत होत्या. खडकात खड्डा घेऊन एक यंत्र पुरायचं होतं त्यांना.

ओट्यावर तुकानाना बसले होते. वाडीतले सगळ्यात म्हातारे. त्यांना उसाला जायला आता अंगात बळ नाही आणि गप्प बसायलाही नाही. ते म्हणाले, "बाई, हितं भूकंप हुनार हाय का?"

"नाही नाना. इथे होत नाही म्हणूनच ही जागा हवी. आम्हाला लांबचे ऐकायचेत."

"लांबचा भूकंप हितं कशापायी ऐकायचा? तितं जाऊन ऐका की."

मॅडम हसल्या. ओट्यावर पिठाचा थर बसलेला होता. त्यांनी बोटानं त्या पिठात एक मोठा गोल काढला. म्हणाल्या, हा पृथ्वीचा गोळा. या बाजूला, लांब पूर्वेच्या समुद्राखाली धक्का बसला. त्याची लाट अशी खोल खोल जाते, आणि या बाजूला, तुमच्या खडकात, वर येते. त्यांचं बोट गोलाच्या पोटातून वळणानं फिरलं आणि तुकानानांच्या मांडीपाशी येऊन थांबलं. नानांनी मांडी मागे घेतली.

"खाली समदा तापलेला रस हाय म्हंत्यात," आक्का दारातून म्हणाली.

"रस फार खाली आहे, मावशी. तिथपर्यंत सगळा दगडच आहे. खूप तापलेला, पण घट्ट. त्याला प्रावरण म्हणतात. आम्हाला त्या दगडाच्या अगदी तळाचा भाग बघायचाय. इथून काश्मीर जितकं लांब आहे त्याहूनही खोल."

मग त्यांनी खडकाचा एक कपचा उचलून उन्हात धरला. त्यात बारीक हिरवट कण होते. पन्नास वर्षं मी त्या खडकावर बसलो, मुतलो, भांडलो, पण ते कण मी पाहिले नव्हते. मॅडम म्हणाल्या, खालच्या दगडात याच कणांचा माल भरपूर आहे. फक्त वरून ओझं इतकं येतं की कण जवळ सरकतात आणि त्यांची बसायची रीत बदलते. माल तोच, खनिज मात्र दुसरं होऊन जातं. आणखी खाली गेलं की पुन्हा दुसरं. जिथं असा बदल होतो तिथं लाटेची चाल बदलते, थोडी लाट तिथूनच उलटी फिरते. ती जरा लवकर आली की उशिरा, एवढ्यावरून ओळखायचं की खाली काय झालंय.

"कुनी उतरून बघितलंय का?" तुकानाना.

"कुणीच नाही. कुणी जाऊही शकणार नाही."

"म्हंजी उपरन्याखालचा सौदा," आक्का माझ्याकडे बघून म्हणाली. "हात दिसत न्हाई, वरनं तोंड बगून वळखायचं. रंगा, तुज्या जातीचं काम हाय हे."

तेवढ्यात कुणीतरी बाजरीचा डबा घेऊन आलं, आक्का आत गेली आणि गिरणी सुरू झाली. ओटा थरथरायला लागला. पिठातला पृथ्वीचा गोळाही थरथरायला लागला आणि त्याच्या कडा ढासळल्या. मॅडमनी त्याच्याकडे बोट दाखवलं. मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"काका, हीच अडचण आहे. गिरणी चालू असली की यंत्राला तीच ऐकू येते. म्हणून मला विचारायचं होतं की..."

मी हात वर करून त्यांना थांबवलं. गिऱ्हाईकाला वाक्य पुरं करू द्यायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. त्याच्या वाक्यात त्याची अट असते. आपणच आधी बोलायचं, मोठं बोलायचं, मग तो खाली ओढत बसतो.

अडचण एकच होती. परक्या बाईचा हात उपरण्याखाली धरता येत नाही. म्हणजे मला उघड्यावर, तोंडानं भाव करावा लागणार होता. आयुष्यात पहिल्यांदा. समोरचीचा तळहात कोरडा आहे की ओला, काही कळायला मार्ग नाही.

मी म्हणालो, "गिरणी हंगामभर बंद ठेवतो. चैत्रापर्यंत. दिवसा न्हाई, रात्री न्हाई, बंद म्हणजे बंद. मी अर्धं जनावर विकत नसतो." आणि भाव सांगितला. असा भाव की पुढचे दोन तास घासाघीस चालावी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग म्हणाल्या, "चालेल."

चालेल. एवढंच. घोडेगावात पहिल्या बोलीला कुणी हो म्हणत नाही. शिवी आहे ती. त्याचा अर्थ, तू मूर्ख आहेस, तुझा माल तुलाच कळलेला नाही. माझं रक्त तापलं. पण शब्द माझाच होता, गिळावा लागला. आणि आत आक्का दळत होती. गिरणीच्या आवाजात तिला यातलं अक्षर ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी तिला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

"माजी गिरनी तू कोन रं इकनार?"

"इकली न्हाई आक्का, निजवली. जरा आराम कर. दळनापेक्षा जास्त मिळतंय."

"मी मागितला व्हता का आराम?"

"बरं, तुज्या भल्याचंच हाय ना पर?"

"माजं भलं तुला कुनी इचारलं?" तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. भाकरी उलटली. मग म्हणाली, "सबुद दिलास?"

"दिला."

"मग झालं. सबुद पडला तर घोडेगावात तुला कोन हुबा करल." ट्रक गेले त्याच दिवशी तिनं गिरणीचा पट्टा काढला आणि खिळ्याला टांगला.

त्या हंगामातलं मला काय आठवतं? आक्काचे केस. ते काळे दिसायला लागले. इतकी वर्षं मला वाटायचं ती पांढरी झाली, पण ते पीठ होतं. एक आठवतं ते मार्गशीर्षातलं ऊन, वाडीवर सपाट पडलेलं, त्यात एकही बाई डोक्यावर डबा घेऊन चाललेली नाही. गिरणीच्या दारातली चिमण्यांची गर्दी गेली. त्यांनाही कळलं. ताज्या बाजरीच्या पिठाचा तो गरम, थोडा करपट वास, जो आक्काच्या लुगड्याला, तिच्या घरातल्या पाण्यालासुद्धा असायचा, तो हळूहळू विरला. मी गेलो की ती ओट्यावर बसलेली असायची. समोर खडकात पुरलेलं यंत्र, त्यावर झाकण, शेजारी सूर्यावर चालणारी काळी पाटी, भोवती तारेचं कुंपण. दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या, आक्का आणि ती पेटी. कोण जास्त गप्प बसतं याची पैज लागल्यासारख्या.

तुकानानांची मागे राहिलेली सून त्यांच्यासाठी प्रवासी जीपमधून पाथर्डीला दळण पाठवायला लागली. जीप रोज मिळायची नाही. मग पिशवीतलं तयार पीठ आलं.

"काय दलालशेट," नाना मला बघितलं की सुरू व्हायचे. "पाताळाची तब्येत काय म्हंती? आमाला भाकर गिळंना झाली, पर पाताळाला आवाजाचा तरास नगं."

"नाना, पीठ बाजरीचंच हाय ना?"

"बाजरीचंच. पर कुन्या गावची, कोनाच्या हातची, कदी दळली, द्येव जाने. भाकर न्हवं, परकी बाई हाय ताटात."

मी चिडायचो. कुणावर तरी चिडायचं म्हणून नानांवर. आक्का मात्र एक शब्द बोलायची नाही, आणि त्याचा सगळ्यात जास्त राग यायचा. भांडणारा माणूस परवडतो. त्याच्याशी भाव करता येतो.

पौषात मॅडम यंत्र तपासायला आल्या. चेहरा फुललेला. जीपमधून उतरता उतरताच म्हणाल्या, "काका, फार चांगला भूकंप मिळाला."

हे ऐकून माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येत नाही. आमच्या तरुणपणी एकदा पहाटे मांडणीवरची भांडी वाजली होती. दुसऱ्या दिवशी मराठवाड्याकडून आलेल्या माणसांच्या तोंडून जे ऐकलं ते मी विसरलेलो नाही. आणि ही म्हणते चांगला. म्हणजे कुणाचं घर पडल्याशिवाय यांना तळ दिसत नाही, आणि पडलं की यांचं दुकान उघडतं. मी तोंड उघडणार होतो. त्याच्या आत तुकानानांनी विचारलं, "मान्सं किती गेली?"

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "कुणी नाही, नाना. समुद्राखाली, आणि फार खोल झाला. वर कुणाला कळलासुद्धा नाही. असेच आम्हाला हवे असतात. त्यांची लाट स्वच्छ येते."

एवढा राग वर आला होता, त्याला आता जागाच उरली नाही. या बाईचा हाच त्रास होता. तिला शिवी द्यावी असं ती काही करायची नाही. खोटं बोलायची नाही, पैसे वेळेवर, आक्कासाठी येताना संत्री. वाईट माणसावर राग काढणं सोपं. चांगल्या माणसानं तुमचं घर उठवलं तर कुठे जायचं?

त्या दिवशी मात्र त्यांनी एक चूक केली. लॅपटॉप ओट्यावर ठेवून त्यांनी आम्हाला यंत्राची रेघ दाखवली. दसऱ्यानंतरची रेघ जाडजूड, केसाळ, सुरवंटासारखी. ही गिरणी, हे पंप, ही तुमची रोजची जा-ये, त्या सांगत होत्या. मग दिवाळीनंतरचा एक दिवस आला आणि रेघ बारीक होत गेली. संध्याकाळपर्यंत सुताएवढी. त्यानंतर सरळ, गुळगुळीत, एकही गाठ नाही.

"इथून पुढे उत्तम आहे," मॅडम म्हणाल्या. "इतकी शांत जागा आम्हाला दुसरीकडे कुठेच मिळाली नाही."

मी त्या जागेवर बोट ठेवलं. "या दिवशी ट्रक गेले."

"हो. मी नोंदवलंय तसं."

त्या पडद्यावर माझी माणसं जाताना दिसत होती. हौद्यात चढणाऱ्या बाया, वर फेकलेल्या गोधड्या, मागे धावणारी कुत्री, आक्कानं खिळ्याला टांगलेला पट्टा, सगळं त्या बारीक होत जाणाऱ्या रेघेत होतं. यंत्रानं ते चोख ऐकलं होतं. आणि ते तिच्या कामाचं नव्हतं. तिच्या कामाचं होतं ते त्यांच्या जाण्यानंतरचं. काश्मीरहून खोल असलेल्या दगडानं दाबाखाली आपली बसायची रीत बदलली, ते या बाईला हवं होतं. इथे, या ओट्याच्या उंचीवर, दाबानं अख्खी वाडी आपली जागा सोडून जाते, दर वर्षी, त्याला ती शांतता म्हणत होती. मला शब्द सापडला नाही. बोटं सापडली असती, पण हात धरता येत नव्हता.

चैत्रात ट्रक परत आले. काळवंडलेली, वाळलेली माणसं उतरली. मॅडमनी यंत्र काढलं, खड्डा बुजवला, कुंपण नेलं, आक्काच्या पाया पडल्या, गेल्या. आक्कानं पट्टा चढवला. तो वाळून तडकला होता. मी नवा आणून दिला. दगडांत उंदरांनी घर केलं होतं. ते साफ केलं, गिरणी सुरू झाली, आणि आक्का दारात उभी राहून वाट बघू लागली.

दळण आलं नाही. थोडं आलं, पण पहिल्यासारखं नाही. माणसांना सवय मोडायला एक हंगाम पुरतो. मागे राहिलेल्यांनी पिशवीचं पीठ धरलं होतं. परत आलेल्यांपैकी काहींनी घरघंटी घेतली होती. कपाटाएवढी पेटी, बटण दाबलं की घरातल्या घरात दळते. आवाज फार नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत आक्का दिवसाआड गिरणी उघडायला लागली. मग आठवड्यातून एकदा. गेला हंगाम असाच गेला. कुणी बंद करायला सांगितलं नव्हतं, तरी रेघ बारीकच होती.

आणि यंदा, दिवाळीच्या आत, ऊसतोडीचा मुकादम तिच्याकडे येऊन गेला. टोळीबरोबर चला म्हणाला, पोरं सांभाळायला, भाकऱ्या थापायला माणूस पाहिजे. ज्या बाईनं आयुष्यभर ओट्यावरून ट्रकला वाटेला लावलं तिला ट्रकमध्ये बसायचं आमंत्रण. हे मला तुकानानांनी फोनवर सांगितलं. मी म्हणालो, "मग तिनं हाकलला असंल त्याला." नाना म्हणाले, "न्हाई. बगते म्हनली."

परवा पाथर्डीच्या अलीकडे टेम्पो बाजूला घेऊन मी ट्रकना वाट देत होतो, तेव्हा मृणाल मॅडमचा फोन आला. दोन वर्षांनी. खूप उत्साहात होत्या. त्या हंगामातल्या लाटांत तळाजवळचा बदल त्यांना स्पष्ट दिसला होता. पण एका हंगामावर भागत नाही, अजून लाटा पाहिजेत, त्याच खडकातून. यंदा पुन्हा यंत्र ठेवू द्याल का.

मी टेम्पोतून उतरलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून दोन वर्षांचं सगळं त्यांच्या कानात ओतलं. गिरणी, घरघंटी, पिशवीचं पीठ, मुकादम. तुमच्या शांततेनं माझ्या बहिणीचं घर उठवलं. तुम्हाला काय, तुमचा दगड सापडला. ट्रकमधली माणसं वळून माझ्याकडे बघत होती.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "काका, मला हे कुणी सांगितलं नाही. पण गिरणी पूर्ण बंद ठेवायची गरज नव्हती. ती रोज ठराविक वेळेला चालली असती तर तेवढा आवाज आम्ही बाजूला काढला असता. गिरणीची थरथर वेगळी असते, खालच्या लाटेची वेगळी. मी पहिल्या दिवशी तेच विचारायला आले होते."

"मग बोलला का न्हाईत?"

"तुम्ही बोलू दिलंत कुठे?"

मी फोन ठेवला. ट्रक गेला, धूळ माझ्या तोंडावर बसली. त्या बाईला त्या दिवशी दुसऱ्यांदा तोंड उघडायला काय झालं होतं? बाजारात गिऱ्हाईक अडून बसतं, हात झटकून निघून जातं, परत येतं. ही "चालेल" म्हणाली. मोठ्या माणसाचा मान राखला असणार. असला मान मला नको होता. भांडायचं होतं माझ्याशी. मी हेच म्हणत टेम्पो चालवत होतो, मोठ्यानं, एकटाच, वाडी येईपर्यंत.

आक्का ओट्यावर बसली होती. शेजारी तुकानाना. तिच्या पायाशी गाठोडं होतं. मी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"आक्का, ती पेटीवाली परत येतीय. आता मी तिला सोडत न्हाई. असा भाव सांगतो की..."

"हात दे," आक्का म्हणाली.

"काय?"

"हात दे म्हनते. लई जनाचे धरलेस ना? माजा धर."

तिनं पदर आमच्या हातांवर टाकला. सख्ख्या बहिणीशी उपरण्याखाली सौदा मी कधी केला नव्हता. मी सवयीनं तिच्या बोटांची वाट बघत राहिलो, किती धरते, कशी दाबते. तिनं एकही बोट धरलं नाही. नुसता तळहात माझ्या तळहातावर ठेवला. आणि मला काहीतरी कमी लागलं. घट्टा नव्हता. जिथं तो असायचा तिथं मऊ, सैल कातडी होती. कुठल्याही रिकाम्या बसलेल्या म्हातारीची असते तशी.

घोडेगावात मी हजार हात वाचले. हा वाचला आणि माझं तोंड बंद झालं.

"कळला भाव?" आक्कानं विचारलं.

मी हात काढून घेतला. मॅडमला फोन लावला, तोंडानं काय बोललो ते आठवत नाही, बहुधा शिव्याच असतील. मग फोन मोठ्या आवाजात करून आक्कासमोर धरला. ती फोनमध्ये बोलते ते शेजारच्या शिवारात ऐकू जातं.

"बाई, पेटी आना. खडक तितंच हाय. पर गिरनी चालू ऱ्हाईल. रोज सकाळी, न्याहारीच्या टायमाला. दळन आलं तरी, न्हाई आलं तरी. मी माजी बाजरी दळीन."

"चालेल मावशी, काहीच हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "एकच वेळ सांभाळा फक्त. गिरणीचा आवाज आम्ही नंतर काढून टाकू."

"काडा की," आक्का म्हणाली. "पर काडायच्या आधी ऐकावा लागंल न्हवं?"

मग मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हो. आधी ऐकावा लागेल."

आक्कानं फोन माझ्या हातात दिला, गाठोडं उचलून आत नेलं आणि बाहेर येताना हातोडी आणि छिन्नी आणली. माझ्यासमोर ठेवली. दगड आतून मलाच ओढून आणावा लागला. तो हाताला काचेसारखा लागत होता.

"लाव टाकी," ती म्हणाली. "माज्या हाताला आता जमायचं न्हाई. शिकीवते."

मी पाय पसरून बसलो. दगड मांडीशी घेतला. मॅडमचा राग होता, मुकादमाचा होता, ट्रकचा, घरघंटीचा, त्या एका शब्दाचा, चालेल, आणि अजून कुणाकुणाचा होता ते माझं मला माहीत. पहिला घाव असा घातला की छिन्नी निसटून ठिणगी उडाली.

"हळू रं दलाला," तुकानाना म्हणाले. "पाताळात ऐकू जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणालो, आणि दुसरा घातला.